ढकलट्रॉलीसाठी माणसे हवीत

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी, एका जुन्या जिनिंगच्या आवारात सरकीच्या गोदामामागे, ‘शकुंतला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या रुळांवरून एकेकाळी धावलेली ढकलट्रॉली पडून आहे. चार लोखंडी चाके, सागाच्या फळ्यांचा सांगाडा, साहेबांना बसायचा बाक आणि बाजूला ब्रेकचा दांडा, एवढाच तिचा संसार. शकुंतलेच्या मूर्तिजापूर ते यवतमाळ या ११३ किलोमीटरच्या नॅरोगेज मार्गावर रुळांची पाहणी अशा ट्रॉल्यांवरून होत असे. ट्रॉलीमन रुळावरून धावत तिला ढकलत आणि वेग आला की मागच्या फळीवर उडी मारून बसत. जिनिंगच्या मालकांच्या वडिलांनी ती भंगाराच्या लिलावात घेतली होती. दुरुस्त करा, पण गावाबाहेर नेऊ नका, एवढ्या एका अटीवर त्यांनी ती दीड वर्षापूर्वी आमच्या स्वाधीन केली.

पैशांची अडचण येईल असे मला वाटले होते. आली ती माणसांची. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर मी ‘श्रमदानासाठी या’ असे आवाहन केले, तेव्हा पहिल्या रविवारी तेवीस जण आले आणि तिसऱ्या रविवारी तिघेच उरले. दोष त्यांचा नव्हता. एक तर मी नेमका कापूस वेचणीचा हंगाम निवडला होता. दुसरे असे की, गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांच्या या मुलखात श्रमदान म्हटले की शंभर हात एकदम कामाला लागतात, मात्र गंजलेला एक नट सोडवायला दोनच हात लागतात आणि बाकीचे नुसते उभे राहतात. ज्याला उभे राहावे लागले तो पुन्हा येत नाही.

त्या सुमारास इंग्लंडमधील रेलबसविषयी माझ्या वाचनात आले. कमी प्रवाशांच्या शाखामार्गांसाठी ब्रिटिश रेल्वेने १९५८ मध्ये अशा २२ गाड्या घेतल्या होत्या: चार चाके, डिझेल इंजिन आणि बसच्या धाटणीचा एकच डबा. दहाएक वर्षांत त्या सेवेतून बाद झाल्या आणि ज्या मोजक्या आज उरल्या आहेत, त्या सुटीच्या दिवशी हातात पाना घेऊन येणाऱ्या हौशी माणसांमुळे उरल्या आहेत. तशी एखादी रेलबस आमच्याकडे असती, तर एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या बॉडी फिटरपासूनच मी सुरुवात केली असती, हे वाचता वाचताच मनात आले. मदत मागण्याऐवजी ज्याचे त्याला काम मागायला हवे होते.

मग मी घरोघर गेलो. सुताराला फक्त फळ्या दाखवल्या. त्याने प्रत्येक फळीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिले आणि जिथे आवाज भद्द आला तिथे खडूने फुली मारली. अकरापैकी चारच फळ्या बाद निघाल्या. गावच्या लोहारकाकांना मी नोंदवहीत नाव लिहायची विनंती केली, तेव्हा ते म्हणाले, “गुर्जी, नाव नाही लिवलं तरी चालते, पन ते चाक मले पाहू द्या.” आसाचा नट गंजून एकजीव झाला होता. त्यांनी त्याला रॉकेलचा बोळा तीन दिवस बांधून ठेवला, चौथ्या दिवशी थोडी आच दिली, हातोडीने चहूबाजूंनी हलकेच ठोकले आणि पाना लावला. नट बारीक कुरकुरला आणि फिरला. शेजारी उभ्या असलेल्या दहावीच्या दोन मुलांनी त्या दिवसापासून एकही रविवार चुकवलेला नाही.

आता आम्ही आठ जण आहोत आणि काम शेतीच्या वेळापत्रकानुसार चालते: पेरणीला बंद, वेचणीला बंद, तूर-हरभरा घरात आला की सुरू, आणि उन्हाळ्यात सकाळी सहा ते नऊ. अजून तिघे हवे आहेत. ब्रेकचा लाकडी ठोकळा चाकाच्या गोलाईला बसेल असा तासणारा एक, आसाचे झिजलेले बुश लेथवर नवे करून देणारा एक, आणि शकुंतलेवर ट्रॉलीमन म्हणून प्रत्यक्ष काम केलेले, आज सत्तरीपुढे असतील असे कोणी. त्यांनी काही उचलायचे नाही. बाकाची उंची आणि दांड्याचा कोन मूळ जसा होता तसा आहे की नाही, एवढे बसून सांगितले तरी पुरे. त्यांना घरून आणायला आणि परत सोडायला मी स्वतः येईन.