स्कायरिमचे दूरचे डोंगर: ग्रिडला हात लावू नका

‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेममध्ये व्हाइटरन शहराच्या तटावरून समोर पाहिलं की लांबची झाडं चपटी दिसतात, आणि चार पावलं पुढे गेलं की एखादा खडक टपकन उगवतो. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘यू-ग्रिड्स-टू-लोड’ (भोवतीची किती जमीन पूर्ण लोड करायची हे ठरवणारं सेटिंग, थोडक्यात ग्रिड) ५ वरून ७ किंवा ९ करा. तो ऐकू नका.

स्कायरिमची जमीन चौकोनी सेलमध्ये विभागलेली आहे. एका सेलची बाजू ४०९६ युनिट, म्हणजे साधारण ५८ मीटर. ग्रिड ५ असताना तुमच्याभोवतीचे २५ सेल पूर्ण लोड होतात. तुम्ही मधल्या सेलमध्ये असता, त्यामुळे खरंखुरं दृश्य समोर १२० ते १७५ मीटरपर्यंतच असतं. ७ केलं की सेल होतात ४९, आणि हाती काय लागतं? प्रत्येक बाजूला जास्तीचे ५८ मीटर. शिवाय सेल नुसते दिसत नाहीत, ते चालू होतात: माणसं, स्क्रिप्ट, क्वेस्ट सगळं. तुम्ही पोचल्यावर व्हायची मारामारी तुम्ही पोचायच्या आधीच उरकते. वर ७ वर सेव्ह केलेला खेळ पुन्हा ५ वर आणला, तर लोड होतानाच गेम कोसळतो. सौदा तोट्याचा आहे.

त्या १७५ मीटरपलीकडे जे दिसतं ते एलओडी, म्हणजे लांबून पाहण्यासाठी बनवलेली वेगळी, हलकी मॉडेलं. खरी मेहनत तिथे घ्यायची.

गेमच्या स्पेशल एडिशन या आवृत्तीत डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’ फोल्डरात ‘स्कायरिम प्रेफ्स’ ही आयएनआय (म्हणजे सेटिंगची) फाइल असते. आधी तिची कॉपी काढा. ‘टेरेन मॅनेजर’ या भागात ‘ब्लॉक लेव्हल ०’ ६००००, ‘ब्लॉक लेव्हल १’ ९०००० आणि ‘ब्लॉक मॅक्सिमम’ २५०००० ठेवून पाहा. यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा पहिला, कारण सर्वांत बारीक एलओडी कुठपर्यंत टिकणार हे तो ठरवतो. ‘स्प्लिट डिस्टन्स मल्ट’ १.५ पुरे, तो वाढवला की जमिनीचे बारीक तुकडे आणखी लांबपर्यंत काढावे लागतात आणि ग्राफिक्स कार्डला घाम फुटतो. हे सगळं झाल्यावर लाँचरमध्ये जाऊन लो-हाय-अल्ट्रा या तयार दर्जांना हात लावू नका, तुमचे आकडे पुसले जातील.

‘ट्री लोड डिस्टन्स’ वाढवून झाडं सुधारत नाहीत. तीच चपटी चित्रं आणखी लांबपर्यंत दिसतात, एवढंच. झाडं सुधारायची तर डिनडोलॉड हे एलओडी नव्याने बनवणारं साधन लागतं. क्रम असा: मॉडची (गेममध्ये बदल करणाऱ्या फाइलींची) यादी कायमची ठरवा, एक्सएलओडीजेनने जमिनीचं एलओडी बनवा, मग टेक्सजेन (एलओडीसाठीची चित्रं बनवणारं साधन) चालवा, त्याचं आउटपुट मॉड म्हणून इन्स्टॉल करा आणि शेवटी डिनडोलॉड. आउटपुटचा फोल्डर गेमच्या आणि प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर हवा. नंतर एखादा गाव बदलणारा मॉड काढला किंवा घातला, तर हे पुन्हा करावं लागतं. नाहीतर लांबून घर दिसतं आणि जवळ गेल्यावर तिथे मोकळं रान! असले प्रकार दिसले की बहुतेक वेळा दोष सेटिंगचा नसतो, शिळ्या एलओडीचा असतो.

लांबचे डोंगर लुकलुकत असतील तर ते वेगळं दुखणं. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटलेले असले की इतक्या अंतरावर पुढचा कोणता हे डेप्थ बफरला (काय किती लांब आहे याची नोंद ठेवणाऱ्या मेमरीला) ठरवता येत नाही. ‘स्कायरिम’ आयएनआयमध्ये ‘डिस्प्ले’ भागात ‘नियर डिस्टन्स’ १५ चा २५ करा. लुकलुक बरीच कमी होते. किंमत अशी की अगदी नाकासमोरची भिंत किंवा माणूस कापल्यासारखा दिसतो. २५ च्या वर जाण्यात अर्थ नाही.

आणि हे सगळं करण्याआधी मेनूतलं डेप्थ ऑफ फील्ड (लांबचं दृश्य धूसर करणारा इफेक्ट) बंद करून पाहा. पुष्कळांची ‘एलओडी खराब आहे’ ही तक्रार मुळात या धुरकटपणाची असते. टीएएमुळेही (कडा गुळगुळीत करणाऱ्या सेटिंगमुळेही) लांबचे बारकावे थोडे मऊ पडतात, पण ते बंद केलं की पानांच्या कडा चालताना थरथरतात, त्यामुळे राहू द्यावं.

तुलना करताना एकाच सेव्हवरून, एकाच जागी, निरभ्र हवेत पाहा. धुक्यात सगळेच आकडे सारखे दिसतात.