गेटची बिजागरी आणि ६०१३ चा रॉड

वर्कशॉपांनी भरलेलं उद्यमनगर हाकेच्या अंतरावर असताना घरात वेल्डिंग मशीन कशाला, असं बायकोनं विचारलंच. पण गेटच्या एका बिजागरीसाठी कोण येतंय? "बघू उद्या" म्हणतात आणि मोठ्या कामाला जातात, ते बरोबरच आहे. म्हणून २०० अँपिअरचं छोटं इन्व्हर्टर मशीन आणलं. साध्या ५ अँपिअरच्या सॉकेटला ते लावू नका. १६ चा सॉकेट, जाड वायर, आणि एक्स्टेंशनची गुंडाळी पूर्ण सोडून.

कोल्हापूरच्या पावसात वेल्डिंगच्या रॉडचं पाकीट उघडं राहिलं की रॉडवरचा लेप ओल धरतो. रॉड तडतडतो, चिकटतो, जोडात बारीक भोकं पडतात. मग लोक करंट वाढवतात आणि पत्रा जाळतात. ६०१३ चा रॉड (साध्या लोखंडाला नेहमी वापरतात तो) १०० ते १२० अंशांवर तासभर तापवला की सुधारतो. मी तर पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यातच टाकतो.

अडीच एमएमचा रॉड असेल तर ७०-८० अँपिअरवर सुरू करा. काडी ओढल्यासारखा रॉड घासायचा. आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्योत, पेटली की टोक लोखंडापासून रॉडच्या जाडीएवढंच लांब ठेवायचं. खरी गंमत पुढंच आहे. रॉड जळून आखूड होत जातो, तसा हात खाली उतरायला पाहिजे. नवशिक्याचा हात जागेवर राहतो, आर्क लांबते, आवाज फुसफुसतो, छर्रे उडतात. नीट जमलं तर सलग चर्र ऐकू येतं. नजर उजेडावर नको, वितळलेल्या लोखंडाच्या पाण्यावर ठेवा. आणि चौकट असेल तर आधी चारी कोपऱ्यांना छोटे टाके मारून गुण्या लावून काटकोन तपासा. एकच कोपरा भरत बसलात तर ती तिकडंच ओढली जाते.

गणपतीच्या आधी तालमीची पोरं मांडवाचे सांगाडे जोडतात. हाफ चड्डी, स्लीपर, खाली ओली फरशी. लय धाडस! आर्क पेटलेली नसताना होल्डरवर ६०-८० व्होल्ट असतात. ओल्या अंगाला तेवढे धोक्याचे. फळीवर उभं राहायचं, हातमोजे चामड्याचे आणि कोरडे, कपडे सुती.

जीआय पाईप असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरनं काढा, काम उघड्यावर करा. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वर दूध पिऊन काही होत नाही.

आर्कच्या उजेडानं होणारं डोळ्यांचं दुखणं तर लगेच कळतच नाही. काही तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचतं. बटाट्याच्या चकत्या ठेवण्यापेक्षा डॉक्टर गाठा. हेल्मेटची काच १० किंवा ११ नंबरची पाहिजे. गल्लीतली पोरं बघायला जमतातच, त्यांना आधी हाकला. जोडायचं लोखंड धरून शेजारी उभा राहणारा एखादा असतोच, त्याच्यासाठी दुसरं हेल्मेट घ्या.