स्प्रिंगफील्डचं मेण लावलेलं काडतूस

बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. पितळेची जाड वाटी साच्यातून पुन्हा पुन्हा ओढत तिची लांब, निमुळती पुंगळी कशी होते, हे मी लहानपणी जेवताना त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलंय! त्यामुळे बॉस्टनला राहायला आल्यावर स्प्रिंगफील्ड आर्मरीला जायचं, हे ठरलेलंच होतं. गाडीनं दीड तासाचा रस्ता. मागच्या शनिवारी सकाळी एकटीच निघाले.

शहराच्या वरच्या अंगाला टेकडीवर मोठी हिरवळ आणि लाल विटांची जुनी इमारत. १७९४ पासून १९६८ पर्यंत अमेरिकी सैन्याच्या बंदुका इथे बनत होत्या. आता संग्रहालय आहे, तिकीट नाही. शेकडो बंदुका उभ्या रचलेली एक भलीमोठी मांडणी इथे आहे, बरेचजण तीच बघायला येतात. मी मात्र जॉन गॅरँड या इथल्याच डिझायनरच्या रायफलींपाशी रेंगाळले, कारण मला शोधायचं होतं ते सैन्यानं कधीच न स्वीकारलेलं एक काडतूस: .२७६ पेडरसन. (हा आकडा बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा, इंचांत.)

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेला स्वयंभरण, म्हणजे दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल हवी होती. तेव्हाचं .३० बोअरचं .३०-०६ काडतूस दणकट, पण जड, आणि त्याचा धक्काही मोठा. जॉन पेडरसन या डिझायनरनं आधी काडतूसच लहान केलं. .३०-०६ ची पुंगळी ६३ मिलिमीटर लांब, त्याची ५१. सैनिकाला तेवढ्याच वजनात जास्त गोळ्या नेता येणार होत्या. मला यातला विचार फार आवडतो: रायफल खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसापासून सुरुवात करायची.

पेडरसननं या काडतुसासाठी बनवलेल्या रायफलीत एक अडचण होती. गोळी सुटल्यावर आतला दाब पुरता उतरायच्या आधीच पुंगळी मागे सरकू लागायची. ती नळीत चिकटू नये म्हणून प्रत्येक काडतुसावर मेणाचा पातळ थर द्यावा लागे. गॅरँडनं याच काडतुसासाठी रायफल बनवली, पण तिला मेण लागत नव्हतं. १९२८ मध्ये भूल दिलेल्या डुकरांवर गोळ्या झाडून वेगवेगळ्या बोअरच्या जखमा तपासल्या गेल्या. ते वाचताना पोटात कालवतं. लहान बोअर कमी पडत नाही, असं त्यातून दिसलं.

१९३२ च्या सुरुवातीला रायफल निवडणाऱ्या सैन्याच्या मंडळानं गॅरँडच्या .२७६ रायफलीची शिफारस केली. सेनाप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी ती फेटाळली. गोदामांत .३० ची काडतुसं ढिगानं पडून होती, मशिनगनही त्याच बोअरच्या, आणि मंदीत तिजोरीत खडखडाट. हिशेब मला समजतो, तरी हळहळ वाटतेच.

गॅरँडनं मग रायफल .३० ला बसवली. काडतूस जाडजूड झालं आणि काडतुसं एकत्र धरणाऱ्या क्लिपमध्ये दहाऐवजी आठच मावू लागली. तिथल्या रेंजरनं क्लिपमध्ये भरलेली आठ नकली काडतुसं माझ्या तळहातावर ठेवली. हात चटकन खाली गेला. चार-चारच्या दोन रांगा, मधे पोलादी पत्र्याची घट्ट मिठी. पेडरसनचं काडतूस असतं तर याच मुठीत आणखी दोन बसली असती.

१९३६ मध्ये एम-१ म्हणून हीच रायफल सैन्यात आली आणि दुसरं महायुद्ध लढली. पुढे १९५४ मध्ये नाटोनं ७.६२ मिलिमीटरचं काडतूस ठरवलं, त्याच्या पुंगळीची लांबी पुन्हा ५१! आणि साठच्या दशकात अमेरिकी सैनिकाच्या हाती एम-१६ आली, ती तर ५.५६ ची. लहान बोअरकडे यायला तीस वर्षं लागली.

बाहेर हिरवळीवर बसून बाबांना फोन लावला. पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सगळं नीट ऐकून घेतलं त्यांनी. मग पहिला प्रश्न:

"अगं, मेण लावलं म्हणतेस, मग ते काडतूस चिखलमातीत पडलं तर?"

मी म्हटलं, "पेडरसनचा थर सुका आणि कडक असायचा. पण बाबा, सैन्याच्या लोकांनाही मेण नकोच होतं."

"बरोबर आहे त्यांचं," बाबा म्हणाले आणि पुंगळीची जाडी किती होती, ते विचारू लागले. मी परत आत गेले, रेंजरला विचारायला.