‘तुझे सिफू कोण?’

मी विंग चुन ही चिनी युद्धकला शिकते असं हाँगकाँगमध्ये एखाद्या जाणकाराला सांगितलं, की किती वर्षं झाली, कुठवर पोहोचलीस, असं तो विचारत नाही. तो विचारतो, “तुझे सिफू कोण?”, म्हणजे गुरू कोण. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न तयारच असतो, “आणि त्यांचे सिफू?” दोन-तीन नावांत गाडी हाँगकाँगमध्ये ही विद्या शिकवणारे गुरू यिप मान यांच्यापाशी पोहोचते. मग समोरच्याचा चेहरा सैलावतो, कारण आपलं एकमेकांशी नातं काय लागतं हे त्याला कळलेलं असतं.

नातं हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. वर्ग म्हणजे एक कुटुंबच असतं. सिफूंची पत्नी ती सि-मो, सिफूंचे गुरू ते सि-गुंग. माझ्या आधी आलेला मुलगा सि-हिंग, म्हणजे थोरला गुरुबंधू, आणि नंतर आलेला सि-दाय, धाकटा. इथे जन्मतारखेला किंमत नाही, दाखल कधी झालात ते महत्त्वाचं. आमच्याकडे कॉलेजात जाणारा एक मुलगा माझा सि-हिंग आहे. चाळिशीतली मी त्याला मान देते आणि तो माझं कोपर बिनसंकोच धरून जागेवर आणतो.

आमचा वर्ग काउलूनमधल्या एका जुन्या इमारतीत भरतो. शिरताना समोरच भिंतीवर यिप मान यांचा फोटो आणि शेजारी वंशावळ. या वंशावळीचा वरचा भाग दंतकथेचा आहे. यिप मान यांनी स्वतःच्या हाताने ती कथा लिहून ठेवली होती, तो कागद त्यांच्या पश्चात मिळाला. शाओलिन मठ जळाल्यावर निसटलेली भिक्षुणी एन्ग मुई, तिने तयार केलेली यिम विंग-चुन नावाची टोफू विकणाऱ्याची मुलगी, आणि लग्नासाठी मागे लागलेल्या गुंडाला त्या मुलीने चारलेली धूळ. इतिहासकार याला आधार नाही म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. तरीही धिप्पाड पुरुषाच्या ताकदीला ताकदीने उत्तर न देणारी ही विद्या एका बाईच्या नावाने ओळखली जाते, याचा मला मनापासून आनंद आहे.

पाय जमिनीला टेकतात ते फोशानमध्ये. ग्वांगचौच्या शेजारचं हे शहर मातीची भांडी, औषधं आणि कँटोनीज नाटकं यांसाठी प्रसिद्ध होतं. नाटक मंडळ्या लाल रंगाच्या होड्यांतून नद्या-नद्यांनी गावोगाव फिरत. १८५४ मध्ये ली वेन-माओ हा नट बंडात उतरला. त्याचा सूड म्हणून चिंग सरकारने फोशानमधला नाटकवाल्यांचा संघ उद्ध्वस्त केला आणि कँटोनीज नाटकावर बंदी घातली. परंपरा सांगते की होड्यांवरच्या वाँग वा-बो आणि ल्युंग यी-ताय या दोघांकडून ही विद्या फोशानच्या एका वैद्याकडे आली. त्या वैद्याचं नाव ल्युंग जान. वंशावळीतला हा पहिला माणूस ज्याच्याविषयी ठामपणे बोलता येतं. त्याचं औषधांचं दुकान होतं, आणि शिकवणं त्याच्या पोटापाण्याचा धंदा नव्हता. त्याच्याकडे चान वा-शुन शिकला, तो बाजारात नाणी बदलून देणारा सराफ. चानच्या मोजक्या शिष्यांत शेवटचा आणि सर्वांत लहान म्हणजे १८९३ मध्ये जन्मलेला, खात्यापित्या घरातला यिप मान. चान थकला तेव्हा या पोराचं उरलेलं शिक्षण त्याने आपला शिष्य एन्ग चुंग-सोक याच्यावर सोपवलं. नट, वैद्य, सराफ, श्रीमंताचा मुलगा: जातपात, धंदा, रक्त यांपैकी काहीच या साखळीत सलग नाही.

वंशावळीचा सगळ्यात महत्त्वाचा सांधा मात्र हाँगकाँगमध्येच जुळला. चीनमध्ये सत्ताबदल झाल्यावर यिप मान फोशान सोडून इथे आले. घरदार मागे राहिलं आणि हातात पैसा नव्हता. १९५० मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी, त्यांनी शाम शुई पो भागातल्या हॉटेल कामगारांच्या संघटनेत शिकवायला सुरुवात केली. पहिले विद्यार्थी होते वेटर, स्वयंपाकी आणि संघटनेत काम करणारी मंडळी. यिप मान यांचे दोन मुलगे १९६२ मध्ये हाँगकाँगला पोहोचले, तोवर त्या हॉटेल कामगारांतले काही जण स्वतः शिक्षक झालेले होते. आज जगभर ‘यिप मान घराणं’ म्हणून जे ओळखलं जातं ते त्या युनियनच्या जागेतून निघालं आहे. शाम शुई पोमध्ये आता इलेक्ट्रॉनिक्स आणि कापडाचा बाजार भरतो. तिथून जाताना मला दर वेळी त्या माणसांची आठवण येते, दिवसभर थाळ्या उचलून संध्याकाळी सरावाला उभी राहणारी.

आता मूळ मुद्दा. सिफू कोण, हे इतकं का विचारतात? माझ्या मते त्याचं उत्तर ‘ची साव’मध्ये आहे. दोघं समोरासमोर उभे राहतात, मनगटाजवळ हात हाताला चिकटलेले, आणि हात एका लयीत फिरत राहतात. डोळ्यांचं काम फार थोडं. समोरच्याचा दाब कुठे वाढला, कुठे सुटला, हे कातडीला कळायला हवं, आणि जागा सुटली की हात आपोआप पुढे गेला पाहिजे. सिफू माझ्याशी ची साव करतात तेव्हा त्यांचे हात जड नसतात, पण हलवताही येत नाहीत. हे तोंडाने सांगून भागत नाही. तंबोरा घेऊन गुरूच्या मागे बसल्याशिवाय घराण्याची गायकी गळ्यात उतरत नाही, तसंच हे. माझ्या सिफूंनी त्यांच्या सिफूंच्या हाताला हात लावलेला, त्यांनी यिप मान यांच्या. म्हणजे भिंतीवरची वंशावळ ही हाताला लागलेल्या हातांची यादी आहे, आणि मधला एकही हात खोटा असला तर पुढचं सगळं निव्वळ हातवारे.

मात्र हात एकच असला तरी शिष्य एकसारखे निघत नाहीत. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत ल्युंग शिउंग, लोक यिउ, चू शाँग-तिन आणि वाँग शुन-ल्युंग ही चार नावं कायम घेतली जातात. चू शाँग-तिन त्या संघटनेतच नोकरीला. त्यांनी ‘सिउ निम ताव’ या पहिल्याच, जागेवर उभं राहून करायच्या क्रमावर आयुष्य लावलं. शरीर सैल ठेवून ताकद कशी येते हा त्यांचा ध्यास. वाँग शुन-ल्युंग यांनी गच्च्यांवर आणि बंद खोल्यांत इतर शैलींच्या लढवय्यांशी सामने लढून विद्या तपासली. ब्रूस ली १९५९ मध्ये अमेरिकेला गेला, त्याआधी यिप मान यांच्या वर्गात त्याचा बराचसा सराव याच वाँग यांच्याकडून झाला. एकाच गुरूच्या या दोन शाखांची माणसं आजही वाद घालतात, आणि मला दोन्ही खऱ्या वाटतात. यिप मान माणूस बघून शिकवत. प्रत्येकाला त्याच्या अंगकाठीचं आणि स्वभावाचं मिळालं.

१९७२ मध्ये, मृत्यूच्या थोडे दिवस आधी, यिप मान यांचं छोट्या फिल्मवर चित्रण झालं. घशाच्या कर्करोगाने शरीर झिजलेलं, वय ७९. त्यात ते सिउ निम ताव करतात, दुसरा क्रम चुम किउ करतात, लाकडी पुतळ्यावरचा क्रम करतात. तिसरा क्रम, ब्यू जी, त्यात नाही. ही फिल्म आज कुणालाही बघायला मिळते, आणि अशक्त हात असूनही कोपर जिथल्या तिथे राहतं ते बघून मला भरून येतं. हात कुठून कुठे गेला ते फिल्म दाखवते, पण त्या हातात किती वजन होतं ते ज्यांनी त्याला हात लावला त्यांनाच ठाऊक. त्यातले बहुतेक आता गेले. चू शाँग-तिन २०१४ मध्ये, यिप मान यांचे धाकटे चिरंजीव यिप चिंग २०२० मध्ये. म्हणून इथल्या छोट्या वर्गांची मला काळजी वाटते. जुन्या इमारती पाडल्या जाताहेत, भाडी वाढताहेत, आणि ची साव शिकायला समोर जिवंत माणूस लागतोच.

हाँगकाँगला येणार असाल तर फोशानसाठी एक दिवस जरूर काढा, पण चीनचा वेगळा व्हिसा आधी करून ठेवा. वेस्ट काउलून स्टेशनवरून वेगवान गाडीने ग्वांगचौ साउथ, तिथून मेट्रोने फोशानचं झू मियाओ स्टेशन. तिथल्या प्राचीन मंदिराच्या आवारातच २००२ पासून यिप मान यांचं स्मारक-संग्रहालय आहे, आणि हुंग या दुसऱ्या कुंग फू शैलीचे प्रसिद्ध गुरू वाँग फेई-हुंग यांचंही. फोशानमध्ये विंग चुनच्या युएन के-सान यांच्यासारख्यांच्या शाखा यिप मान यांच्याहून वेगळ्या वाढल्या. म्हातारपणी ल्युंग जान आपल्या गुलाव गावी परतले आणि तिथेही थोड्या लोकांना शिकवून गेले. ती शाखा अजून चालू आहे. एखादा वर्ग चालू दिसला तर दारात उभं राहून विचारा, बघू देतात. आणि तुम्ही स्वतः काही शिकत असाल, तर तुमचे गुरू कोण आणि त्यांचे गुरू कोण, हे सांगायची तयारी ठेवा.