तुम्ही विचारलंत म्हणून: रेल्वे इंजिनियरिंगमध्ये शिकायचं तरी काय असतं?

लग्नात, बारशाला, लोकलमध्ये, कुठेही भेटलात तरी हा प्रश्न ठरलेला. पाठोपाठ दुसरा, मग गाडी चालवता येते का? नाही येत. आणि तिकीट कन्फर्म करून देता येत नाही, तेही आत्ताच सांगून टाकते.

मी कर्जतची. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या आमच्याकडे थांबतात, घाट चढताना मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, तेवढ्यात लोक वडे खाऊन घेतात. पुढे बोरघाटात १:३७ चा चढ, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. लहानपणी वाटायचं गाडी वड्यासाठीच थांबते (अजूनही थोडं वाटतं).

सिव्हिलला रेल्वे जेमतेम अर्धा पेपर असते, स्लीपर (डबा नव्हे, रुळाखालच्या आडव्या पट्ट्या), खडी, सांधे, घोका आणि विसरा. खरी मजा एमटेकला ट्रान्सपोर्टेशन घेतल्यावर आली, कारण तिथे पहिल्यांदा कळलं की रूळ एका गाडीसाठी नसतोच, एकमेकींशी अजिबात न पटणाऱ्या चार गाड्यांसाठी असतो आणि सगळं डोकं तिथेच लावायचं असतं. वळणाचंच बघा. वळताना गाडी बाहेर फेकली जाते म्हणून बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, त्या उंचीला कँट म्हणतात. आपल्या ब्रॉडगेजवर १००० मीटर त्रिज्येचं वळण असेल आणि मेल ताशी १०० ने येणार असेल तर हिशोबाने साधारण १३८ मिमी कँट हवा, आणि त्याच वळणावरून ताशी ६० ने मालगाडी जाणार असेल तर ५० मिमी पुरे. रूळ एकच! मेलच्या मनासारखं केलं तर मालगाडी आतल्या रुळावर रेलते आणि तो झिजवते, मालगाडीचं ऐकलं तर मेलमधले लोक बाहेरच्या बाजूला ढकलले जातात. मग मधलं काहीतरी द्यायचं, ९० वगैरे, आणि दोघींची तक्रार मर्यादेत ठेवायची. मला हे गणित भयंकर आवडलं, आमच्या घरच्यासारखं वाटलं.

वेळापत्रकाच्या प्लॅनिंगमध्येही तेच. कागदावर आडवी वेळ, उभं अंतर, प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ, जितकी वेगवान तितकी रेघ उभी. सगळ्या लोकल असल्या तर रेघा समांतर, ३ मिनिटांनी एक धरली तर तासाला २० बसतात. आता त्यात मेल घाला. कल्याण ते कर्जत समजा लोकलला तास लागतो आणि मेलला ४० मिनिटं, तर लोकल सुटल्यावर २० मिनिटांच्या आत मेल सोडली की वाटेतच गाठणार, कारण मी कॉलेजला जायचे तेव्हा तरी तिकडे जायला एक आणि यायला एक एवढेच मार्ग. म्हणजे एका मेलने किती लोकलची जागा खाल्ली बघा.

प्रोजेक्टला मी सकाळी गर्दीच्या वेळी स्टॉपवॉच घेऊन प्लॅटफॉर्मवर उभी राहायचे. गाडी किती वेळ थांबते ते मोजायचं, चाक थांबलं की बटण, हललं की बटण. कधी २० सेकंद, कधी ५० च्या वर. दारात अडकलेली एक बॅग, आणि मागच्या सगळ्या रेघा सरकल्या. एक काकू रोज विचारायच्या, रेल्वेची माणसं का गं तुम्ही? तक्रार लिहून घ्या.

शिकायचं असेल तर कुठे, हेही विचारता. वडोदऱ्याला गतिशक्ती विश्वविद्यालय आहे, रेल्वे मंत्रालयाचंच, आधी अभिमत होतं, २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठ झालं. पुण्यात कोरेगाव पार्कला इरिसेन आहे, रेल्वेची सिव्हिल इंजिनियरिंगची प्रशिक्षण संस्था, पण ते नोकरीतल्या रेल्वे इंजिनियरांसाठी. आणि डिग्री झाली म्हणजे रेल्वेत नोकरी लागली असं अजिबात नाही, परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात. मी दिली नाही, कन्सल्टन्सीत आहे, दिवसभर रेघा ओढते.

परवा आत्याने विचारलं, आमची लोकल कल्याणच्या बाहेर का रखडते गं? मी लग्नपत्रिकेच्या मागे रेघा काढून दाखवल्या. तिने नीट बघितलं आणि म्हणाली, "मग त्या मेलला थांबवा की."

आमच्या परीक्षेत हाच प्रश्न होता, दहा मार्कांना. मी अर्धवट सोडला होता.