वॅगन आरमधला एमडी डेक: मुका नव्हताच

मंडळी, मागच्या खेपेला मिनीडिस्क (एमडी) वाजवणारा गाडीतला डेक आवाज देत नाही, म्हणून तो उपसून जेवणाच्या टेबलावर उघडून बसलो होतो. आता कबुली देतो: तो उघडायची काहीच गरज नव्हती.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. मी हामामात्सुला राहतो, गाडी 1999 ची वॅगन आर, 660 सीसी. डॅशबोर्डात दुमजली डेक, खाली सीडी आणि वर मिनीडिस्कची फट. जपानात त्या काळी गाडीत एमडी असण्याचं कुणाला कौतुक नव्हतं. आपल्याकडे तेव्हा कॅसेटचं राज्य, त्यामुळे पुण्याहून आलेला पाहुणा फटीकडे बघून हमखास विचारतो, "यात फ्लॉपी जाते का रे?" त्याचंही चुकत नाही. 64 मिलिमीटरची चकती, तीही प्लास्टिकच्या डबीत, वर सरकतं झाकण.

पहिला शनिवार. 'हार्ड ऑफ' या जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या जंक विभागातल्या निळ्या टोपल्या उपसून आठ वापरलेल्या डिस्क आणि एक पोर्टेबल रेकॉर्डर आणला. कोऱ्या डिस्कचं उत्पादन सोनीनं फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवलं, तेव्हा आता टोपल्याच आपल्या. तोक्योला जायचं तर अडीचशे किलोमीटर, वाटेत डिस्क बदलायचा कंटाळा. म्हणून एलपी2, म्हणजे दुप्पट वेळ भरायचा मोड लावला. 74 मिनिटांच्या डिस्कवर 148 मिनिटं मावतात. मामाच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेलं नाट्यसंगीत भरलं आणि खाली पार्किंगमध्ये गेलो.

डेकनं डिस्क अलगद आत ओढली. आकडे पळायला लागले, 0:01, 0:02, 0:03. आवाज मात्र नाही. व्हॉल्यूम शेवटपर्यंत पिळला, तरी हूं नाही की चूं नाही. सीडी लावली तर खणखणीत. म्हणजे एमडीचा भाग गेला, असा मी निकाल देऊन टाकला. पुढचे दोन रविवार लेन्स पुसण्यात, रिबन केबल काढून घालण्यात आणि गालिच्यात पडलेला एक स्क्रू शोधण्यात गेले. (तो अजून सापडलेला नाही.) लेन्स वाचतच नसती तर आकडे पळाले कसे असते, हा साधा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही.

उलगडा झाला तो डिस्प्लेवर. डेक परत बसवून डिस्क घातली, शीर्षकाचं बटण दाबलं, तर प्रत्येक गाण्याच्या नावाआधी 'एलपी:' असं सरकत होतं. ते मी पूर्वीही पाहिलं होतं! पण गाणी तबकडीवरची, म्हणून 'एलपी' मीच टाइप केलं असणार अशी माझी समजूत. खरं तर ती खूण रेकॉर्डर आपणहून टाकतो. एलपी मोड आले 2000 मध्ये, माझा डेक त्याआधीचा. त्याला मूळचं 292 केबीपीएसचं अ‍ॅट्रॅकच (एमडीची आवाज दाबून साठवायची पद्धत) कळतं, एलपी2 चं 132 चं नाही. अशा जुन्या यंत्रांनी खरखर करू नये, गप्प राहावं, अशी सोय करूनच तो मोड काढलेला. माझा डेक मुकाट नियम पाळत होता आणि मी त्याचं पोट फाडलं.

मग 148 मिनिटांचं काय? त्याचं उत्तर त्याच मेनूत पडून होतं: मोनो. एकच चॅनल, वेळ दुप्पट, आणि जुन्यातला जुना डेकही वाजवतो. शिवाय मामाच्या तबकड्या मुळात मोनोच, त्यामुळे गमवायचं काही नाही. तुमच्याकडे जुनी गाणी, कीर्तनं, भाषणं असतील तर एलपीच्या नादी लागूच नका. नव्या स्टीरिओ गाण्यांसाठी मात्र साधा एसपी, म्हणजे मूळचा स्टीरिओ मोडच ठेवा, मोनोत ती सपाट वाटतात.

मोनोची पहिली डिस्क कथावाचनाची केली. लाइन-इनमधून (दुसऱ्या यंत्राची तार जोडून) भरताना दोन-एक सेकंद शांतता झाली की रेकॉर्डर नवा ट्रॅक पाडतो, हे विसरलो. वाचणारे गृहस्थ सावकाश, पॉज घेणारे. एका कथेचे 61 ट्रॅक झाले. सगळे जोडत बसलो, रात्रीचा दीड वाजला.

नावांचीही गंमतच आहे. डेकवर देवनागरी शक्य नाही, रोमन किंवा कटाकाना ही जपानी लिपी. कटाकानात विठ्ठलाचा 'विट्टारु' होतो. बायको म्हणाली रोमनच लिही, देवाला त्रास नको.

काल तोक्योची फेरी झाली. रस्ता उकरलेल्या एका पट्ट्यावर गाडी चांगलीच उडाली, पण आवाजाला धक्का नाही. डिस्क वाजवायला लागतं त्यापेक्षा कितीतरी वेगानं वाचली जाते आणि पुढचे काही सेकंद मेमरीत भरलेले असतात, लेन्सला सावरायला तेवढे पुरतात.

आठातल्या सात डिस्क भरल्या. आठवीवर कुणीतरी रेडिओवरून घेतलेलं हवामानाचं वृत्त आहे, मागे भांड्यांचा आवाज. तिची पुसण्यापासून वाचवणारी खिट्टी आधीच सरकवलेली होती. ती तशीच ठेवली आहे.

आता डिस्प्लेचा डावा कोपरा काळवंडलाय. आतला बारीक 12 व्होल्टचा बल्ब कुणी बदललाय का? या वेळी उघडण्याआधी विचारतोय.