रिकाम्या जागा भरा

मी पोटापाण्यासाठी सबटायटल्स लिहिते. त्यामुळे कुठलीही फिल्म लावली की चित्राआधी कान कामाला लागतात. माणसं किती बोलतात, किती वेगानं बोलतात, वाक्यावर वाक्य चढवतात का. ‘एंजल्स एग’ ही जपानी अ‍ॅनिमेशन फिल्म पहिल्यांदा लावली तेव्हा सवयीनं वही शेजारी घेऊन बसले होते. मूळ जपानी नाव ‘तेन्शी नो तामागो’, म्हणजे देवदूताचं अंडं. पंधरा मिनिटं झाली, पान कोरं. वीस झाली, तरी कोरंच. मग मला चक्क झोप लागली.

दुसऱ्यांदा पाहिली ती हेडफोन लावून, वही लांब ठेवून.

एक ओसाड शहर. पांढऱ्या केसांची एक लहान मुलगी झग्याखाली भलंमोठं अंडं सांभाळत फिरते, लांबून पोटुशी वाटते. काचेच्या बाटल्यांत पाणी भरते आणि त्या बाटल्या रांगेनं मांडून ठेवते. का, ते कुणी सांगत नाही. एक दिवस रणगाड्यांसारखी अजस्र यंत्रं रस्त्यातून जातात, त्यावरून एक तरुण उतरतो. खांद्यावर क्रुसासारखं काहीतरी. तिला नाव नाही, त्यालाही नाही. एकूण ७१ मिनिटं आणि बोलणारे हे दोघंच.

माझा जीव जडला तो कोळ्यांच्या प्रसंगावर. रस्त्यांवर भाले घेतलेली माणसं पुतळ्यांसारखी उभी असतात. तेवढ्यात घरांच्या भिंतींवरून प्रचंड माशांच्या सावल्या पोहत जातात. मासे नाहीत हं, नुसत्या सावल्या. पुतळे जिवंत होतात, धावत सुटतात, भाले फेकतात. भाले लागतात भिंतींना, खिडक्यांना. सावली निवांत पुढे सरकते. मासे कुठेच नाहीत तरी ही माणसं त्यांच्यामागे धावतात, असं ती मुलगी सांगते. तो प्रसंग मी लागोपाठ तीनदा मागे नेऊन पाहिला. माशांच्या सावल्या कशाचं प्रतीक, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आलाही नव्हता. तो नंतर, लोकांची परीक्षणं वाचताना आला, आणि मग डोक्यातून जाईना. त्याबद्दल मला अजून थोडा राग आहे.

फिल्म १९८५ च्या डिसेंबरमधली, थेट व्हिडिओवर आलेली. दिग्दर्शक मामोरू ओशी, आणि चित्रकार योशिताका आमानो, ज्यांच्या त्या बारीक, भुतासारख्या रेषा पुढे ‘फायनल फँटसी’ या गेममुळे जगभर गेल्या. ओशींनी आदल्याच वर्षी एका लोकप्रिय विनोदी मालिकेवरची फिल्म केली होती. त्यानंतर हे अंडं. ही फिल्म चालली नाही, आणि काही काळ त्यांना काम मिळेनासं झालं. दहा वर्षांनी त्यांची ‘घोस्ट इन द शेल’ आली, मग मागे वळून लोकांनी अंडंही शोधून काढलं. २०२५ मध्ये दुरुस्त केलेली फोर-के प्रत फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या जुन्या चित्रपटांच्या विभागात दाखवली गेली. चाळीस वर्षांपूर्वी ज्या संथपणामुळे ती पडली, त्याच संथपणाला आता ‘ध्यानस्थ’ म्हणतात. शब्द बदलला, फिल्म तीच! मला स्वतःला मधली दहाएक मिनिटं आजही कंटाळवाणी वाटतात, आणि तसं म्हटल्यानं फिल्म लहान होते असं मला वाटत नाही.

पण खरी गंमत १९८८ सालची. एका अमेरिकन कंपनीनं या फिल्मची दृश्यं घेतली, त्यात प्रलयानंतरच्या जगात भटकणाऱ्या सैनिकांची खऱ्या नटांवर चित्रित केलेली गोष्ट मिसळली, आणि ‘इन द आफ्टरमॅथ’ नावाची वेगळीच फिल्म बाजारात आणली. त्यात कार्टूनमधल्या मुलीच्या तोंडी भरपूर संवाद घातले आहेत. अंडं कशासाठी, ती कुठून आली, सगळं सांगून मोकळे. शाळेच्या प्रश्नपत्रिकेत ‘रिकाम्या जागा भरा’ असायचं ना, अगदी तसं. पाहताना मी हसले, मग जरा ओशाळले. कोरं पान दिसलं की काहीतरी लिहून टाकायचं, ही माझ्याही धंद्याची खोड.

परीक्षणं लिहिणारे तरी वेगळं काय करतात? तरुणाच्या खांद्यावर क्रूस, म्हणजे ख्रिस्त. तो नोहाच्या नौकेची गोष्ट सांगतो, म्हणजे बायबल. त्या गोष्टीत फिल्मनं केलेला बदल मात्र पटकन उरकला जातो. बायबलमध्ये प्रलयात जमीन शोधायला सोडलेलं कबूतर चोचीत पान घेऊन परत येतं. इथे पाण्यावर सोडलेला पक्षी परत येतच नाही, आणि वाट पाहता पाहता माणसं पक्षी सोडल्याचंच विसरून जातात. ही ओळ मला कुठल्याही उकलीपेक्षा जास्त छळते. स्वतः ओशीच म्हणतात की फिल्म कशाबद्दल आहे ते त्यांना ठाऊक नाही. हा साळसूदपणा असेलही. दिग्दर्शकांचा काय भरवसा.

आत काय आहे हे अंडं फोडल्याशिवाय कळणार नाही, असं तो तरुण तिला म्हणतो. आणि रात्री ती झोपल्यावर फोडतो.

त्याच्या आधीचा एक शॉट आहे. पलंगावर मुलगी झोपलेली, शेजारी तो बसलेला, शेकोटी जळते आहे. कॅमेरा हलत नाही, कुणी हलत नाही. मिनिटभरानं मला वाटलं नेट अडकलं, मी माउस हलवून पाहिला. नाही, वेळ पुढे सरकत होती. तिसऱ्यांदा पाहताना मी सरावासाठी म्हणून हा शॉट कर्णबधिर प्रेक्षकांसाठी लिहायला घेतला. त्यात आवाजही कंसात लिहावे लागतात. पहिली ओळ लिहिली: (शेकोटी तडतडते.) टाइमकोड, म्हणजे ओळ पडद्यावर कधी यायची ती वेळ, टाकला. आग मंदावत गेली. दुसरी ओळ काय लिहावी म्हणून थांबले, आणि तो उठला.